नळीवाटे आहार : केव्हा आणि कोणती नळी?

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार साधारण 6 ते 7 आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ चिकट होते आणि वरणाचे पाणीही झोंबते. वजन झपाट्याने उतरले तर उपचारावेळी चेहऱ्यावर बसवायचा मुखवटा सैल होतो आणि किरणांची आखणी पुन्हा करावी लागू शकते.

गरजेच्या 60 टक्क्यांहून कमी आहार एक-दोन आठवडे पोटात जात असेल, किंवा ठसका लागून अन्न श्वासनलिकेत उतरत असेल, तर नळीचा विचार होतो. सुमारे 4 आठवड्यांसाठी नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब सहसा पुरते. ती शस्त्रक्रियेविना बसते, पण खुपते आणि चारचौघांत दिसते. त्याहून अधिक काळासाठी पोटाला छिद्र पाडून थेट जठरात बसवलेली ‘पेग’ नळी सोयीची. ती कपड्याखाली झाकली जाते, मात्र छिद्रापाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो.

उपचारांपूर्वीच नळी घालावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. गिळणे पूर्ण थांबले तर घशाचे स्नायू दुबळे होतात. म्हणून गिळणे सुरक्षित असेल तर नळी असतानाही घोट-घोट गिळणे आणि व्यायाम चालू ठेवतात. तोंडाने पुरेसे जेवण जाऊन वजन टिकू लागले, की नळी काढतात.