संपूर्ण भुलेखालील स्थूल रुग्णाच्या फुप्फुसांचे मिटणे व त्याचे निवारण

संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांचा पाठीकडील भाग थोड्याच वेळात वायुरहित होतो, ही गोष्ट आता निर्विवाद झाली आहे. भुलेखाली रक्तातील ऑक्सिजन हळूहळू का घटतो याचा विचार करताना, वायुकोश मिटत असावेत अशी उपपत्ती बेंडिक्सेन, हेडली-व्हाइट व लेव्हर यांनी १९६३ मध्ये मांडली. तिचे दृश्य प्रमाण १९८५ मध्ये ब्रिस्मार, हेडनस्टिएर्ना प्रभृती स्वीडिश संशोधकांच्या सीटी स्कॅनमधून मिळाले. भूल दिल्यापासून पाच मिनिटांच्या आतच हे मिटलेले भाग त्यांना दिसले. स्थूल रुग्णात हा विकार अधिक विस्तृत असतो व शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीही टिकून राहू शकतो. त्याची कारणे व उपाय यांचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसात उरणारी हवा हाच वायुकोशांचा मुख्य आधार होय. रुग्ण उताणा निजला म्हणजे ती कमी होते, आणि भुलेने स्नायूंचा ताण गेला म्हणजे आणखी कमी होते. स्थूल माणसात उदरातील मेदाचा भार शिथिल श्वासपटलाला छातीत लोटतो. उरलेली हवा एका मर्यादेखाली गेली की खालच्या बाजूच्या सूक्ष्म श्वासनलिका बंद होतात आणि त्यांच्यापलीकडील हवा कोंडून राहते. ही हवा शुद्ध ऑक्सिजन असेल तर रक्त ती त्वरेने शोषून घेते आणि वायुकोश मिटतात. नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नसल्यामुळे तो असता वायुकोश अधिक काळ उघडे राहतात.

मग ऑक्सिजन कमी द्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु येथेच खरा पेच आहे. भूल चढल्यापासून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत रुग्णाचा श्वास थांबलेला असतो, आणि तेवढा वेळ साठविलेल्या ऑक्सिजनवरच काढावयाचा असतो. स्थूल नसलेल्या स्त्रियांवर एडमार्क व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शंभर टक्क्यांऐवजी साठ टक्के ऑक्सिजन दिला असता फुप्फुसे जवळजवळ मिटली नाहीत. पण सुरक्षित अवधी सुमारे सात मिनिटांवरून साडेतीन मिनिटांवर आला. स्थूल रुग्णाचा साठा मुळातच अल्प व खर्च अधिक, तेव्हा ही काटकसर त्याला परवडणारी नाही.

म्हणून उपाय अन्यत्र शोधावा लागतो. पहिला उपाय शरीरस्थितीचा. डोके व धड सुमारे २५ अंश उंच ठेवून ऑक्सिजन दिल्यास अतिस्थूल रुग्णात सुरक्षित अवधी वाढतो, हे २००५ मध्ये दाखविले गेले. दुसरा उपाय दाबाचा. भूल देतानाच घट्ट मुखवट्यातून उच्छ्वासाच्या अखेरीस १० सेंटिमीटर जलदाब राखल्यास वायुकोशांचे मिटणे बव्हंशी टळते.

नळी बसल्यानंतर श्वासाचे आकारमान ठरविताना प्रत्यक्ष वजन धरू नये, कारण मेद वाढला म्हणून फुप्फुस वाढत नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उंचीनुसार अपेक्षित वजन सुमारे ५२ किलो येते. किलोमागे ७ मिलिलिटर या हिशेबाने तिला सुमारे ३६५ मिलिलिटरचा श्वास पुरे. तिच्या ११० किलो प्रत्यक्ष वजनावरून हिशेब केला तर तो ७७० होईल आणि फुप्फुसांना इजा पोचेल.

मिटलेले भाग क्षणभर अधिक दाब देऊन उघडता येतात. परंतु नुसते उघडणे टिकत नाही आणि नुसता अंत्य दाब मिटलेले उघडत नाही. दोन्ही एकत्र हवेत, असे रेनियस व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात अतिस्थूल रुग्णांत आढळले. अधिक दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त घटून रक्तदाब उतरतो, म्हणून हे रुग्णाची स्थिती स्थिर असतानाच करावे.

असे असूनही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोबीज' चाचणीने सर्वांना विचारात पाडले. सुमारे दोन हजार स्थूल रुग्णांत १२ सेंटिमीटर अंत्य दाब व फुप्फुसे उघडण्याची क्रिया यांची तुलना ४ सेंटिमीटर दाबाशी केली असता, शस्त्रक्रियोत्तर फुप्फुसविकारांचे प्रमाण २१.३ व २३.६ टक्के आले. हा भेद संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. अधिक दाबाच्या गटात शस्त्रक्रियेच्या वेळी ऑक्सिजनची घट कमी झाली, पण रक्तदाब अधिक रुग्णांत उतरला. याचा एक संभाव्य अर्थ असा की, सर्वांना एकच दाब मानवत नाही. दुसरा असा की, मेजावर मिळविलेला लाभ नळी काढताच ओसरतो.

तेव्हा निवारणाचे कार्य शस्त्रक्रियेबरोबर संपत नाही. स्नायुशिथिलकाचा परिणाम पूर्ण उतरला आहे हे मापून पाहणे, रुग्णास अर्धवट बसवून नळी काढणे, गरजेप्रमाणे मुखवट्यातून सतत दाब देणे, गुंगी न आणता वेदनाशमन करणे आणि त्यास लवकर उठवून चालविणे, ही सर्व त्याच कार्याची अंगे होत. सीटी स्कॅनमधील फुप्फुस उघडे दिसणे आणि रुग्ण निर्विघ्न घरी जाणे या दोन भिन्न कसोट्या आहेत. पहिलीवर उतरलेला उपाय दुसरीवर पारखल्यावाचून स्वीकारू नये, हाच या संशोधनाचा अभ्यासकांना मुख्य बोध आहे.