मारधाडीतही जिवंत राहिलेले राक्षस

युनिव्हर्सलच्या १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बोरिस कार्लोफचा राक्षस तळ्याकाठी एका चिमुरडीबरोबर पाण्यात फुलं सोडत बसतो. फुलं संपतात. तीही तशीच तरंगेल, या भाबड्या समजुतीने तो तिलाच पाण्यात टाकतो आणि ती वर येत नाही हे कळताच सैरभैर होतो. या राक्षसांची सगळी ताकद त्या सैरभैर होण्यात आहे.

१९९८ साली ‘ब्लेड’ आला आणि राक्षसपटांना मारधाडीचा वेग मिळाला. वेस्ली स्नाइप्सचा ब्लेड स्वतःच अर्धा व्हॅम्पायर. तलवार चालवता चालवता स्वतःच्या अंगातली रक्ताची तहान औषध टोचून दाबणारा. पुढच्याच वर्षी स्टीफन सॉमर्सने ‘द ममी’ला साहसपटाचं रूप दिलं. त्याच्या २००१ सालच्या दुसऱ्या भागाचा शेवट मला आजही चटका लावतो. नायक आणि ममी झालेला इम्होटेप दोघेही खोल गर्तेच्या काठावर लोंबकळताहेत. नायकाची बायको कोसळत्या दगडांतून धावत येते. जिच्यासाठी इम्होटेपने हजारो वर्षं शाप भोगला, ती मात्र पाठ फिरवून पळते. इम्होटेप हात सोडून देतो.

‘अंडरवर्ल्ड’ने (२००३) व्हॅम्पायर आणि लांडगेमाणसांच्या हाती बंदुका दिल्या, पण त्या वैराच्या मुळाशी पोटच्या मुलीला मृत्युदंड देणारा बाप ठेवला. ‘व्हॅन हेल्सिंग’मध्ये (२००४) ब्रॅम स्टोकरचा वयस्क प्राध्यापक धडाधड बाण सोडणारा तरुण झाला. ड्रॅक्युला, लांडगामाणूस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस यांची तिथे एकच गर्दी उडाली, तरी लक्षात राहिला तो जगण्यासाठी आसुसलेला राक्षसच.

मग हिशेब चुकला. २०१७ मध्ये टॉम क्रूझच्या ‘द ममी’वर युनिव्हर्सलला ‘डार्क युनिव्हर्स’ नावाची अख्खी मालिका उभारायची होती. पुढच्या चित्रपटांची पायाभरणी करण्यात ममीची स्वतःची व्यथा मागे पडली आणि मालिका पहिल्याच चित्रपटावर थांबली.

त्याच स्टुडिओचा २०२० सालचा ‘द इनव्हिजिबल मॅन’ अवघ्या सुमारे ७० लाख डॉलरमध्ये झाला. ली व्हॅनेलने राक्षस घरात आणला: प्रेयसीच्या जगण्यावर पहारा ठेवणारा प्रियकर. त्याच्या तावडीतून सुटलेल्या सेसिलियावर कुणाचा विश्वास बसत नाही. कॅमेरा खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळून थांबतो. तिथे कुणीच दिसत नाही, आणि तिच्याबरोबर आपलाही श्वास अडकतो.