मिग-२१ चं किट घेताय? आधी विमान ठरवा

१९६३ साली चंडीगडमध्ये हवाई दलात दाखल झालेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्येच निरोप देण्यात आला. मधल्या बासष्ट वर्षांत या विमानाचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले गेले. त्यामुळे नाशिक-निफाडकडच्या कित्येक घरांना ही बातमी घरातल्या माणसाच्या निवृत्तीसारखी वाटली. अशा विमानाचं एक मॉडेल आपल्या हातानं जोडून कपाटात ठेवावं, असं कोणालाही वाटेल. पण किट घ्यायला गेलं की पेटीवरचं झोकदार चित्र बघून पैसे मोजले जातात, आणि घरी येऊन पेटी उघडल्यावर घोटाळा कळतो. हे घोटाळे बहुतेक ठरावीक गैरसमजांतून होतात.

गैरसमज : १/७२ हे १/४८ पेक्षा मोठं

वस्तुस्थिती : हा भागाकार आहे. खालचा आकडा मोठा, तितकं मॉडेल लहान. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. १/७२ मध्ये ते जेमतेम १० सेंटिमीटर होतात, १/४८ मध्ये १५ आणि १/३२ मध्ये साधारण २२. नाकाची लांब दांडी सोडली तर लांबी अनुक्रमे सुमारे २०, ३० आणि ४६ सेंटिमीटर भरते. मिग हे लहानखुरं विमान, म्हणून १/४८ मध्येही ते साध्या फळीवर मावतं. ओझरलाच बांधलं गेलेलं सुखोई-३० एमकेआय मात्र १/४८ मध्ये ४५ सेंटिमीटरच्या वर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद होतं. तेव्हा आधी कपाटाची खोली मोजावी. पुढेमागे हवाई दलाची विमानं एका रांगेत मांडायचा विचार असेल, तर पहिल्याच खरेदीला एक प्रमाण ठरवून त्यालाच चिकटून राहावं. १/४८ च्या मिगशेजारी १/७२ चं सुखोई ठेवलं तर दोन्ही जवळपास एकाच लांबीची दिसतात आणि सगळी मजा जाते.

गैरसमज : नवशिक्यानं लहानात लहान किट घ्यावं

वस्तुस्थिती : लहान किट स्वस्त असतं, पण सोपं असेलच असं नाही. प्रमाण लहान झालं की सुटे भागही बारीक होतात. मिगच्या नाकावरची दांडी १/७२ मध्ये इतकी नाजूक असते की सुट्या भागांच्या चौकटीतून कापतानाच तुटते. चाकांची झाकणं, आसनाचे पट्टे, क्षेपणास्त्रांचे पंख हे सगळं चिमट्यानं धरावं लागतं. ज्याची नजर चाळिशीनंतर जवळचं टिपत नाही, त्याला १/४८ बरं. १/३२ ला मात्र जागा, रंग आणि पैसा तिन्ही जास्त लागतात, शिवाय जोडाच्या भेगाही लांब पडतात. पहिल्या मिगसाठी १/४८ हा सोयीचा मधला मार्ग.

गैरसमज : पेटीवर 'मिग-२१' लिहिलंय ना, मग झालं

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथं. मिग-२१ हे एका विमानाचं नाव नसून एका खानदानाचं नाव आहे. हवाई दलानं एफ-१३ पासून बायसनपर्यंत त्याचे अनेक प्रकार वापरले आणि ते लांबूनही वेगळे ओळखता येतात.

पाठीपासून सुरुवात करू. एफएलची पाठ सडपातळ आहे. एमची पाठ कॉकपिटमागून भरीव होत जाते. बिसची पाठ त्याहून जाड आहे, कारण तिथं इंधनाला जास्त जागा केलेली आहे. मग कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बघा. एफएलची अख्खी काच पुढच्या बिजागरावर वर उचलली जाते. एम आणि बिसची पुढची काच जागेवर राहते आणि मागची उजवीकडे उघडते. कॅनोपी उघडी ठेवून मॉडेल मांडायचं असेल तर हा फरक लपत नाही. नाकावरची दांडी एफएलवर मधोमध असते, तर एम आणि बिसवर ती किंचित उजवीकडे सरकलेली असते. पंखांखाली शस्त्रं टांगायच्या जागा एफएलला दोन, एमला चार.

तोफेचं प्रकरण तर इतिहासाशीच जोडलेलं आहे. एफएलला अंगची तोफ नव्हती. पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड टांगावा लागे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर भारतीय मिगनं पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते याच पॉडमधल्या तोफेनं. हा प्रसंग कपाटात उभा करायचा असेल तर किट एफएलचं किंवा निदान त्याच्या जवळच्या पीएफचं हवं, आणि तो पॉड पेटीत आहे का तेही बघायला हवं. नसेल तर वेगळा मागवावा लागेल. एमच्या पोटातच तोफ बसवलेली असते, त्यामुळे एमच्याच घडणीच्या एमएफचं किट घेऊन त्यावर १९७१ च्या एफएलचे क्रमांक चिकटवले तर जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं.

२७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीतलं अभिनंदन वर्धमान यांचं विमान हवं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. ते बायसन होतं, म्हणजे बिसच्या सांगाड्यावर नवं रडार आणि नवी यंत्रणा बसवलेलं विमान. बिसच्या पुढच्या काचेला चौकटीचे दांडे आहेत. बायसनची पुढची काच एकसंध आणि गोलसर. नुसत्या बिसच्या किटमध्ये ती काच मिळत नाही. बायसनच्या क्रमांकाआधी 'सीयू' ही अक्षरं असतात. अभिनंदन यांच्या विमानाचा क्रमांक होता सीयू २३२८.

हा घोळ फक्त मिगचा नाही. 'सुखोई-३०' अशी पेटी बघून हुरळून जाऊ नये. चीनच्या एमकेकेला कॉकपिटमागचे छोटे पुढचे पंख नाहीत, आपल्या एमकेआयला आहेत. एमकेकेच्या किटमधून एमकेआय होत नाही.

गैरसमज : पेटी नवी, म्हणजे किट नवं

वस्तुस्थिती : पोलादी साचा महाग असतो, म्हणून तो दशकानुदशकं वापरला जातो. कधी कंपनी नवं चित्र छापून जुनंच प्लॅस्टिक पुन्हा बाजारात आणते, कधी एका कंपनीचे भाग दुसरीच्या पेटीत येतात. मोनोग्रामनं १९७० आणि ८० च्या दशकांत १/४८ मध्ये बरीच जेट विमानं काढली. १९८६ मध्ये मोनोग्राम आणि रेव्हेल एकत्र आल्या आणि ते साचे पुढे रेव्हेलच्या नावानं विकले गेले. या विमानांचा आकार आजही वाखाणला जातो, पण पत्र्यांच्या जोडरेषा उंचवट्याच्या आहेत. दोन अर्ध्या भागांमधली भेग सॅंडपेपरनं घासली की त्या रेषाही घासून जातात आणि नव्यानं कोराव्या लागतात. अलीकडच्या साच्यांत रेषा खोदलेल्या असतात, त्यामुळे हे काम बरंच वाचतं. झेक कंपनी एडुआर्डचा १/४८ मिग-२१ एमएफ २०११ चा आणि १/७२ चा २०१८ चा. दोन्ही याच नव्या पठडीतले. म्हणून पेटीवरचं साल बघण्यापेक्षा साच्याचं साल शोधावं. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटची वंशावळ मिळते.

गैरसमज : भाग जास्त, किंमत जास्त, म्हणजे किट उत्तम

वस्तुस्थिती : एडुआर्डच्याच पेट्या बघा. 'प्रोफिपॅक' आणि 'वीकएंड' या दोन्हींमध्ये एकाच विमानाचं मूळ प्लॅस्टिक एकच असतं. प्रोफिपॅकमध्ये पातळ धातूचे कोरलेले भाग, कॅनोपी रंगवताना चिकटवायचे मास्क आणि जास्त विमानांची डेकल्स, म्हणजे चिकटवायच्या खुणा आणि क्रमांक, मिळतात. मास्क कोणालाही उपयोगी पडतात. धातूचे भाग मात्र वाकवायला आणि चिकटवायला सराव लागतो. पहिलंच मॉडेल असेल तर वीकएंड घ्यावं आणि उरलेल्या पैशात चांगली कटर आणि रंग घ्यावेत.

गैरसमज : चंदेरी विमान सगळ्यात सोपं, एकच रंग मारायचा

वस्तुस्थिती : उलट ते सगळ्यात अवघड. साठच्या दशकातले एफएल उघड्या धातूच्या चकाकीत उडत होते आणि तो देखणा अवतार करायचा मोह होतो. पण धातूचा रंग खालचं काहीच झाकत नाही. बोटाचा ठसा, सॅंडपेपरचा ओरखडा, न भरलेली भेग, सगळं उजेडात उठून दिसतं. हिरव्या-तपकिरी छद्मरंगात किंवा करड्या छटांत ही पापं बरीच पोटात जातात. पहिला मिग छद्मरंगाचा करावा, चंदेरी नंतर.

गैरसमज : भारतीय खुणा कुठल्याही पेटीत मिळतातच

वस्तुस्थिती : पेटीत कोणत्या देशाची डेकल्स आहेत हे पेटीच्या बाजूला किंवा मागे छापलेलं असतं. ते न वाचता घेतलं तर हाती झेक किंवा पोलिश मिग येतो. भारतीय डेकल्स वेगळी घेता येतात, पण तीही प्रकार बघूनच. हवाई दलाच्या खुणेच्या वर्तुळात केशरी रंग बाहेर आणि हिरवा आत आहे ना, एवढं तपासावं. जुन्या साठ्यातल्या पेटीतली डेकल्स पिवळी पडली असतील तर किट टाकून देऊ नये. डेकलचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून काही दिवस चिकटवून ठेवला तर पिवळेपणा बराच उतरतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात मात्र डेकल्स बंद पिशवीतच ठेवावीत. दमट हवेत ती कागदाला धरून बसतात.

गैरसमज : पेटीत सगळं असतं, उरलेलं फेव्हिक्विक बघून घेईल

वस्तुस्थिती : रंग आणि गोंद समाविष्ट असतील तर पेटीवर तसं लिहिलेलं असतं, बहुतेक पेट्यांत ते नसतात. प्लॅस्टिकचा गोंद दोन्ही भागांच्या कडा थोड्या विरघळवून त्या एकजीव करतो. फेव्हिक्विक नुसतं चिकटवतं. कॅनोपीपाशी तर ते घातकच, कारण त्याच्या वाफेनं पारदर्शक काचेवर पांढरं धुकं धरतं. कॅनोपीसाठी साधा फेविकॉल वापरावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त लागला तर ओल्या कपड्यानं पुसता येतो. धातूचे भाग लावायला मात्र फेव्हिक्विकच हवं.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी एक विमान ठरवावं, शक्यतो त्याचा स्वच्छ फोटो आणि क्रमांक समोर ठेवून. त्यावरून प्रकार, प्रकारावरून प्रमाण, आणि मग त्या प्रकाराचा साचा किती जुना, डेकल्स कुणाची, हे बघावं. पेटीवरच्या चित्राकडे शेवटी बघितलं तरी चालेल. ओझरच्या कारखान्यात ज्यांनी नोकरी केली, त्यांच्या घरात असा फोटो हमखास असेल आणि तो कोणत्या प्रकारचा, हेही त्यांना पाठ असेल. किट घेण्याआधी त्यांनाच विचारावं.