दिवा लागला, हब लागला नाही

पिकअपच्या डॅशबोर्डवर ‘४×४’चा दिवा लागला, की चारही चाकं कामाला लागली असं आपण धरून चालतो. व्हॅक्युमवर चालणारे हब ज्या गाडीला असतात, तिथे इतका भाबडेपणा परवडत नाही. बटण फिरवल्यावर दोन गोष्टी व्हायच्या असतात. ट्रान्सफर केसने पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला ताकद द्यायची आणि पुढच्या दोन्ही हबनी आपापलं चाक ॲक्सलशी जोडून घ्यायचं. दिवा फक्त पहिलीची साक्ष देतो. हब लागला की नाही, हे कळवणारा सेन्सर हबमध्ये नसतोच.

लीडव्हिल हे कोलोरॅडोतलं जुनं खाणगाव, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,१०० मीटरवर. तिथल्या एका ओळखीच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात बसायला मला आवडतं. चारचाकी गाड्यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. घोड्यांसाठी गवताचे गठ्ठे वाहणारी एक बाई आपला जुना डिझेल पिकअप घेऊन आली होती. तक्रार अशी की दिवा लागतो, पण बर्फात मागचीच चाकं गरगरतात.

मेकॅनिकने पान्हा उचलला नाही. पुढच्या चाकाच्या मधोमध हबवर एक गोल खटका असतो, त्यावर ‘ऑटो’ आणि ‘लॉक’ अशा दोन खुणा असतात. दोन्ही बाजूंचे खटके त्याने हाताने ‘लॉक’वर फिरवले, बाईंना गाडी अंगणातल्या बर्फाच्या ढिगावर घालायला सांगितली. गाडी सरळ चढून गेली. म्हणजे हबचे दात शाबूत होते, ट्रान्सफर केस धड होता. व्हॅक्युमच तेवढा पोचत नव्हता. मिनिटभराची ही तपासणी न करता नवे हब बसवून मोकळे होणारे कमी नाहीत, आणि नवे हब बसवूनही दुखणं तसंच राहतं.

फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये १९९९च्या मॉडेलपासून ही पद्धत आहे. तिच्यातला व्हॅक्युम सतत नसतो. चारचाकी लावताना जोराचा व्हॅक्युम थोडा वेळ येतो, डायफ्रॅम सरकतो, दातेरी कडी ॲक्सलमध्ये गुंतते आणि आतल्या खटक्यावर अडकून राहते. सोडवताना हलका व्हॅक्युम येतो, खटका सुटतो, स्प्रिंग कडीला परत ढकलते. एकाच नळीतून दोन हुकूम, फरक फक्त जोराचा. कल्पना हुशारीची आहे हे मान्यच करायला हवं. पण त्या जोराला वाटेत गळती लागली, की पहिला हुकूम पोचतच नाही.

आणि ती वाट सोपी नाही. रबरी नळी नकलपर्यंत, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यापर्यंत येते, तिथे संपते. पुढे हबपर्यंत नळी नाहीच. नकलची पोकळीच नळीचं काम करते. आतल्या बाजूला ॲक्सलभोवतीचं सील, बेअरिंगचा जुडगा नकलमध्ये बसतो तिथे ओ-रिंग, बाहेर हबवर आणखी एक ओ-रिंग. यांतलं एकही ढिलं असेल तर बाहेरची हवा आत शिरणार. आणि हे सगळं कुठे? चाकाजवळ, चिखल, बर्फ आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या क्षाराच्या माऱ्यात.

मेकॅनिकने दोन्ही बाजूंच्या नळ्या सोडवून हातपंप लावला. डावीकडे गेजचा काटा जागच्या जागी थांबला. उजवीकडे तो चढायचा आणि बघता बघता खाली यायचा. मग चाक निघालं, ब्रेक निघाला, आणि बेअरिंगचा जुडगा काही केल्या निघेना. गंजाने तो नकलमध्ये असा धरला होता की हातोडा, तेल आणि शिव्या यांचा बराच वापर झाला. अखेर निघाला तेव्हा कारण दिसलं. कुणीतरी पूर्वी बेअरिंग बदललं होतं आणि जुनी, चिमटलेली ओ-रिंगच परत बसवली होती. ती बसते त्या जागेवर गंजाचे खड्डेही पडले होते. एमरी पेपरने जागा घासून गुळगुळीत होईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही.

उंचीचाही यात हात आहे. व्हॅक्युम काही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो, लीडव्हिलच्या उंचीवर साडेवीसच्या आसपास. पंप कितीही चांगला असला तरी डायफ्रॅमला मिळणारा धक्का त्या प्रमाणात कमी. डिझेल इंजिनाला थ्रॉटलमागचा आयता व्हॅक्युम नसतो म्हणून वेगळा पंप लावावाच लागतो, तोही या हिशेबातून सुटत नाही. सपाटीवर खपून जाणारी बारीक गळती घाटात, नेमक्या गरजेच्या वेळी, उघडी पडते.

माझ्या मते हब किती टिकतो याहून बिघडल्यावर तो कुठल्या बाजूला पडतो, हा प्रश्न मोठा. सुपर ड्यूटीत व्हॅक्युम गेला की गाडी मुकाट दोन चाकांवर राहते. फोर्डच्याच एफ-१५० मध्ये २००४पासून उलटं आहे: तिथे व्हॅक्युम चाकाला ॲक्सलपासून सोडवून ठेवतो, तो गेला की स्प्रिंग जोडून टाकते. अर्धवट गळतीत मात्र दात धड गुंतत नाहीत, धड सुटत नाहीत, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की चाकातून खरखर सुरू होते. आपल्याकडच्या जुन्या रेल्वेगाड्यांचे व्हॅक्युम ब्रेक याच दुसऱ्या जातीचे. साखळी ओढली की नळीत हवा शिरायची आणि ब्रेक लागायचे; बिघाड झाला तरी गाडी थांबण्याच्या बाजूला पडायची. खरखर कानाला वाईट, पण ती निदान बोलते. मुका बिघाड बर्फात रुतल्यावरच कळतो.

बाईंनी विचारलं, हे सगळं काढून साधे हाताने फिरवायचे हब बसवले तर? तसे हब मिळतात. वॉर्न ही कंपनी १९४८ साली निघाली तीच युद्धानंतर उरलेल्या जीपना असे हब पुरवायला. त्यांत गळायला काही नाही. मेकॅनिकचं म्हणणं पडलं की ‘लॉक’चा खटका आहे तोवर तसे हब तुमच्याकडे आहेतच. पहिला बर्फ पडायच्या आधी दोन्ही खटके ‘लॉक’वर फिरवा, उन्हाळ्यात परत ‘ऑटो’वर आणा. दोन चाकांवर चालताना पुढचा ॲक्सल उगाच फिरत राहील, डिझेल थोडं जास्त जाईल, बाकी काही नाही. रस्त्यावर उतरून बर्फात गुडघे टेकायची वेळ येणार नाही.

त्यांनी नवं सील आणि ओ-रिंग बसवून घेतलीच, शिवाय निघताना दोन्ही खटके ‘लॉक’वर फिरवले. बिलात मजुरी सर्वांत मोठी होती. हबची किंमत कुठे नव्हती.