कुंडींतील जेन्शियन कां फुलत नाहीं?

कांहीं रोपें वाढतात, पण फुलत नाहींत. पानें हिरवींगार, मुळें निकोप, रोग नाहीं, कीड नाहीं. आणि तरीही वर्षामागून वर्ष जातें व कळी म्हणून दृष्टीस पडत नाहीं. युरोपांतील आल्प्स पर्वतावर वाढणारें जेन्शियन हें अशा हट्टी रोपांत अग्रगण्य होय. इंग्लंडांतील बागवानांच्या कित्येक पिढ्या त्याच्या निळ्या फुलांसाठीं झुरत आल्या आहेत.

या रोपाचें शास्त्रीय नांव जेन्शियाना अकॉलिस. लिनीअस या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७५३ सालीं तें रूढ केलें. 'अकॉलिस' म्हणजे खोड नसलेलें. प्राचीन इलिरिया देशाचा राजा जेन्शियस यानें या जातीच्या वनस्पतींचा औषधी गुण प्रथम ओळखला अशी आख्यायिका असल्यामुळें त्याचें नांव त्यांना मिळालें. महाराष्ट्रांत ज्वरावरील काढ्यांत पडणारें काडेचिराईत याच कुळांतील असून दोहोंचा कडूपणा सारखाच प्रसिद्ध आहे. जेन्शियनचीं पानें जमिनीशीं चिकटून गुच्छागुच्छांनीं पसरतात आणि गुच्छाच्या मध्यांतून सुमारें २ इंच लांबीचें, तुतारीच्या आकाराचें गर्द निळें फूल वर येतें. पानांच्या मानानें फूल इतकें मोठें कीं प्रथम पाहणाराला तें कोणीं आणून खोंचून ठेविलें आहे असें वाटावें.

तें फुलत कां नाहीं, याचें उत्तर त्याच्या माहेरीं शोधलें पाहिजे. आल्प्सच्या उंच कुरणांवर हिवाळ्यांत त्याच्यावर बर्फाचें जाड पांघरूण असतें. त्या पांघरुणाखालीं थंडी असते, पण ती एकसारखी असते, आणि पाण्याचा चिकचिकाट नसतो. वसंतांत बर्फ वितळलें कीं गार पाणी मुळांजवळून झिरपत जातें आणि निरभ्र आकाशांतून प्रखर प्रकाश मिळतो. उन्हाळा थंड, पण लखलखीत असतो. इंग्लंडच्या सपाटीवर हिवाळा ओला व लहरी, आणि आकाश पुष्कळदां ढगाळ. तेथें रोप जगतें, पण फुलण्यास लागणारी सामग्री त्यास पुरेशी मिळत नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत उमलणाऱ्या फुलांचा निर्णय त्या महिन्यांत होत नसतो. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद् ऋतूंत पानांच्या गुच्छांत कळ्यांचा गर्भ धरतो. म्हणूनच एखादें चुकार फूल कधीं कधीं शरदांतही उमलतें. कोंकणांतील आंब्याच्या फळाचें भवितव्य जसें थंडींतल्या मोहोरावर ठरतें, तसेंच हें. वसंतांत कळ्या दिसल्या नाहींत म्हणून जो घाईनें खत घालतो, तो परीक्षा संपल्यावर अभ्यासास बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होय.

आतां प्रत्यक्ष कृति. मातीची रुंद व खोल कुंडी घ्यावी, कारण रोप आडवें पसरतें आणि त्याचीं मुळें जाड व लांब असतात. तळच्या भोकावर खापऱ्या ठेवाव्या. दोन भाग चांगली पोयट्याची माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग भरड वाळू किंवा बारीक खडी असें मिश्रण करावें व त्यांत थोडें हाडांचें खत मिसळावें. डोंगरावरील रोप म्हणजे त्याला निकस मातीच हवी, ही समजूत या रोपाच्या बाबतींत खरी नाहीं. तें चांगलें खाणारें आहे. रोप बसवितांना माती अंगठ्यांनीं घट्ट दाबावी. भुसभुशीत मातींत तें रमत नाहीं.

कुंडी पूर्ण उन्हांत असावी, पण कुंडीची बाजू तापून मुळें भाजूं नयेत म्हणून ती कांठापर्यंत वाळूंत पुरावी. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत पाणी भरपूर द्यावें. या काळांत एकदां जरी माती कोरडी ठणठणीत झाली, तरी पुढील वर्षाच्या कळ्यांना धक्का बसतो. फुलें संपतांच पातळ खत द्यावें. त्यांत नत्र कमी व पालाश अधिक असावें, कारण नत्रानें नुसतीं पानें माजतात. हिवाळ्यांत पाणी बेताचें ठेवावें आणि रोपास थंडी खुशाल लागूं द्यावी. इंग्लंडांत अशा रोपांसाठीं कांचेचीं घरें बांधतात, तीं ऊब देण्यासाठीं नव्हेत; तीं पावसाचें पाणी अडवितात व त्यांच्या खिडक्या उघड्या ठेवून गार वारा आंत घेतात. उबेच्या खोलींत ठेवलेलें रोप लाडानेंच वांझ होतें. वसंताच्या तोंडीं गोगलगाईंवर नजर ठेवावी. वर्षभराची मेहनत त्या एका रात्रींत फस्त करतात.

इतकें करूनही फूल न आल्यास काय करावें? या रोपाविषयीं बागवानांचा जुना अनुभव असा कीं, एका जागीं तें मुळींच फुलत नाहीं आणि तेथून चार पावलांवर फुलांनीं भरून जातें. म्हणून जागा बदलून पाहणें हा त्यांचा पिढीजात उपाय होय. जमिनींतील रोप त्यासाठीं उपटावें लागतें व मुळें दुखावतात; कुंडी मात्र अलगद उचलतां येते. कुंडीचा खरा लाभ हाच. तथापि, दर आठवड्यास जागा बदलूं नये. एका जागीं पूर्ण वर्ष द्यावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहींतर गुण कशानें आला तें कळणार नाहीं.

अशा वनस्पतींची आवड इंग्लंडांत वाढविण्यांत रेजिनल्ड फॅरर यांचा वांटा मोठा होता. त्यांचा 'दि इंग्लिश रॉक गार्डन' हा ग्रंथ १९१९ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षीं, वनस्पति गोळा करीत असतां, ब्रह्मदेशांत त्यांचें देहावसान झालें. १९२९ सालीं स्थापन झालेली अल्पाइन गार्डन सोसायटी आपल्या प्रदर्शनांतील सर्वोत्कृष्ट रोपास त्यांच्या नांवाचें पदक देते. तेथें मांडलेल्या कुंडींतील फुलें लोक घटकाभर पाहतात. पण त्यांच्यामागें कोणाचे तरी आदले कित्येक उन्हाळे व हिवाळे उभे असतात. फूल आलें नाहीं म्हणून निकोप रोप फेंकून देणारानें एवढें आठवावें कीं, तें कदाचित् पुढील वसंताच्या कळ्या आजच पोटांत धरून बसलें असेल.