फुप्फुसातील धूळ आणि एक प्रथिन

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया करतात. विद्युत्-भट्टीचे लायनिंग गारगोटीच्या भुकटीचे असते. ते फोडताना उडते ती सिलिकाची धूळ. तिने होणाऱ्या सिलिकोसिसला इलाज नाही आणि क्ष-किरण चित्रात तो दिसेपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात. वेळीच कळले, तर माणसाला निदान धुळीतून बाहेर काढता येईल.

सूक्ष्म श्वासनलिकांतील क्लब पेशी ‘सीसी१६’ हे प्रथिन स्रवतात. फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या द्रवात ते मोजता येते. धुळीने पेशी मेल्या की ते घटते. पण धडधाकट कामगाराचे फुप्फुस असे कोण धुणार? सुदैवाने थोडे प्रथिन रक्तात झिरपते. म्हणून अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रक्तावरची चाचणी विकसित केली. विडीनेही ते घटते, त्यामुळे विडी ओढणाऱ्याचा आकडा आपण जपूनच वाचायचा.