घर खाजगी, हवा सामाईक

साखळी ओढली किंवा बटण दाबले की घाण गेली, अशी शहरी माणसाची समजूत आहे. डोळ्यांपुरती ती खरीही आहे. परंतु पाण्याचा जो लोट मळ वाहून नेतो, त्याच्याच आघाताने असंख्य सूक्ष्म तुषार उडतात आणि भांड्यातील काही जंतूंना बरोबर घेऊन हवेत शिरतात. मोठे थेंब काही सेकंदांत खाली बसतात. लहान थेंबांतील पाणी वाटेतच सुकते आणि उरलेले कण कित्येक मिनिटे हवेत रेंगाळतात. वाहून गेलेल्या घाणीचा एक अंश अशा रीतीने खोलीतच मागे राहतो.

हा विषय शास्त्रज्ञांना नवा नाही. अमेरिकेतील चार्ल्स गर्बा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शौचकूपात जिवाणू व विषाणू मुद्दाम सोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1975 साली प्रसिद्ध झाले. उडालेले जंतू न्हाणीघरातील पृष्ठभागांवर उतरल्याचे त्यांना आढळले. शिवाय वारंवार फ्लश करूनही काही जंतू भांड्याला चिकटूनच राहिले होते. कोलोरॅडो विद्यापीठातील जॉन क्रिमाल्डी यांच्या गटाने 2022 साली हिरव्या लेसरच्या प्रकाशात हे तुषार प्रत्यक्ष दाखविले. सार्वजनिक स्वच्छतागृहात असते तशा बिनझाकणाच्या भांड्यातून ते आठ सेकंदांत सुमारे दीड मीटर उंचीपर्यंत पोहोचले. ही उंची उभ्या माणसाच्या नाकातोंडाजवळची आहे, हे निराळे सांगावयास नको.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे झाकण लावून फ्लश करणे. तो निरुपयोगी नाही. लीड्स येथील संशोधकांनी 2012 साली अतिसारास कारणीभूत होणाऱ्या एका जिवाणूवर प्रयोग केले, तेव्हा झाकण उघडे असताना हवेत त्याचे प्रमाण झाकण बंद असतानापेक्षा सुमारे 12 पट आढळले. मात्र गर्बा यांच्याच गटाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विषाणूंच्या बाबतीत झाकणामुळे आसपासच्या पृष्ठभागांवरील दूषितता फारशी घटत नाही, असे दिसून आले. भांडे जंतुनाशक घालून ब्रशने घासणे हा उपाय त्याहून परिणामकारक ठरला. झाकणाची मर्यादा यातून स्पष्ट होते.

प्रश्न एका खोलीपुरता असता, तर तो वैयक्तिक आरोग्यरक्षणाचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु तो तेवढाच नाही, याचा दाहक अनुभव 2003 साली हाँगकाँगने घेतला. तेथील ॲमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सचा एक रुग्ण नातेवाइकाकडे आला होता. त्याला अतिसारही होता व त्याने तेथील शौचालय वापरले. पुढे त्या वसाहतीतील 300हून अधिक रहिवासी आजारी पडले आणि 42 जण दगावले.

एकमेकांच्या घरी पाऊलही न टाकलेल्या माणसांना संसर्ग झाला कसा, याचा तपास झाला तेव्हा बोट सांडपाण्याच्या व्यवस्थेकडे गेले. न्हाणीघराच्या जमिनीतील जाळीखाली वाकविलेला नळ असतो. त्यात साचून राहणारे थोडेसे पाणी मलनळातील हवा घरात येऊ देत नाही. ॲमॉय गार्डन्समध्ये जमीन धुण्याऐवजी पुसण्याची सवय असल्याने अनेक घरांतील हे पाणी आटले होते. दार लावून एक्झॉस्ट पंखा सुरू केला, की तो मलनळातील दूषित तुषार खोलीत ओढून घेई आणि तेथून इमारतीच्या अरुंद पोकळीत सोडी. तेथून ते वरच्या मजल्यांवरील घरांत शिरले, असा तपासाचा निष्कर्ष होता. एक तांब्या पाण्याने जो अडसर कायम राहिला असता, त्याच्या अभावी एवढा अनर्थ घडण्यास मदत झाली.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम असे म्हणतात. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीचे कपडे काळे करतो; परंतु ती धुलाई कारखान्याच्या जमाखर्चात दिसत नाही. आर्थर पिगू यांनी 1920 साली आपल्या ग्रंथात ज्या विसंगतीची चर्चा केली, तीच येथे लागू पडते. सांडपाण्याच्या नळाची दुरुस्ती टाळणाऱ्याचे पैसे वाचतात, आजारपणाचा खर्च मात्र वरच्या मजल्यावरील कुटुंबाला सोसावा लागतो. हा खर्च अदृश्य असल्याने तो टाळण्याची निकडही कोणास भासत नाही.

मुंबई-पुण्याच्या इमारतींना हा धडा परका नाही. येथेही मजल्यांवर मजले चढवून शौचालये एकाच उभ्या नळाला जोडलेली असतात आणि त्यांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. मोरी भरपूर पाण्याने धुण्याची जुनी रीत नहाणी ट्रॅप आपोआप भरलेला ठेवीत असे. कोरड्या न्हाणीघराच्या नव्या हौसेमुळे आणि महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणाऱ्या सदनिकांमुळे हे संरक्षण नकळत नाहीसे होते. देशी पद्धतीच्या भांड्यांना तर झाकणच नसते. चाळीतील सामाईक संडास, कचेऱ्या व महाविद्यालये येथील स्वच्छतागृहांत झाकणाचा उपदेश करून काय साधणार? तेथे खेळती हवा आणि नियमित धुलाई हेच खरे उपाय आहेत.

केवळ फ्लशच्या तुषारांमुळे अमुक माणूस आजारी पडला, असे सिद्ध करणे अवघड असते, हा आक्षेप रास्त आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, असाही त्याचा अर्थ घेता येईल. परंतु विम्याचा हप्ता आग लागल्यावर भरावयाचा नसतो. आणि येथील हप्ता तरी केवढा? न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीत आठवड्यातून एकदा पाणी ओतणे, बंद पडलेला पंखा दुरुस्त करणे, फुटलेला नळ पावसाळ्यापर्यंत न थांबता बदलणे, डक्ट साफ ठेवणे. यांपैकी पहिले काम प्रत्येकाने आपल्या घरी करावयाचे आहे. उरलेली बव्हंशी वर्गणी व व्यवस्थापन यांवर अवलंबून आहेत.

प्रवेशद्वाराच्या रंगकामासाठी सोसायटीच्या सभेत निधी सहज मंजूर होतो. कारण रंग सर्वांना दिसतो. भिंतीआडच्या नळाची दुरुस्ती पुढील सभेवर ढकलली जाते. हा क्रम उलटा झाला पाहिजे. प्रत्येकाने आपापले घर कितीही निर्मळ ठेवले, तरी श्वासाची हवा सर्वांची एकच असते, हे ज्या दिवशी सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर उमटेल, त्या दिवशी सार्वजनिक आरोग्याचे अर्धे काम सरकारी आदेशावाचून पार पडेल.